घोटीच्या पावसातली रायफल

भाऊबीजेला मी देवळाली कॅम्पला माहेरी गेले होते. ओवाळणं झालं, जेवणं झाली आणि भावाने विषय काढला. "ताई, नानांच्या त्या रायफलीचं काहीतरी करायला हवं. त्यांना काही आता जमणार नाही. जमा करून टाकू, म्हणजे दर वेळी नूतनीकरणाची धावपळ नको."

नाना म्हणजे आमचे वडील. तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्या पावसाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. बोलणं शाबूत राहिलं, काठी घेऊन चालायलाही लागले, पण उजवा हात कपाच्या कानात बोट घालायलासुद्धा तयार नव्हता. भाऊ बोलत होता तेव्हा ते शेजारच्याच खोलीत खाटेवर बसले होते. त्यांना सगळं ऐकू जात होतं.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. ते म्हणाले, "जमा करायच्या आधी एकदा उघडून तरी बघ. पावसाळाभर बॉक्समधी हाय ती."

पॉइंट टू टूची रायफल, दर गोळीला हाताने बोल्टची खिट्टी मागे ओढायची. निवृत्तीनंतर नानांनी हौसेने घेतलेली. दर रविवारी शहरातून गंगापूर रोडने बाहेर पडून ते क्लबच्या रेंजवर जायचे आणि दुपारी घरी आले की अंगणात सतरंजी टाकून रायफल पुसत बसायचे. आईला त्या तेलाचा वास आवडत नसे. आई गेली, सतरंजी विरली, पण रविवार चुकला नव्हता. आजारपणात मात्र बॉक्सचं झाकण कुणी उघडलंच नाही.

मी उघडलं. आतल्या स्पंजने पावसाळाभराची ओल धरून ठेवली होती, आणि जिथे जिथे लोखंड त्याला टेकलं होतं तिथे तिथे तांबूस डाग पडले होते. भाऊ माझ्या खांद्यावरून बघत होता. "गेलीच की," तो म्हणाला.

"वरचा गंज हाय," नाना म्हणाले. "चिंदी आण."

पलटणीत नळी पुसायच्या फडक्याला चिंदी म्हणतात. नानांच्या कपाटात जुन्या धोतराच्या चौकोनी चिंद्यांची थप्पी होती. पितळी ब्रश, तेलाची बाटली, लांब सळई सगळं जागच्या जागी. मी खाली बसले आणि ते खाटेवरून सांगत गेले. आधी बोल्ट काढ. आत काडतूस नाही ना, ते डोळ्याने बघ, मग बोट घालून बघ. सळई मागून घाल, तोंडाकडून कधीच नाही, कारण तोंडाची कड घासली की गोळी तिथूनच वाकडी निघते. पहिली चिंदी विटकरी रंगाची आली. दुसरी करडी. मग पुन्हा तेल, ब्रश, पुन्हा चिंदी. बाहेरचे डाग मी तेलाचा बोळा फिरवत फिरवत काढले, घाई केली तर वरचा काळा रंगच निघून येईल, हे त्यांनी दोनदा बजावलं. दिवस मावळायला आला तेव्हा चिंदी जशी घातली तशी पांढरी बाहेर आली.

मी नळीला डोळा लावून खिडकीकडे धरली. आतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, वळत वळत उजेडाकडे गेले होते, स्वच्छ, चकचकीत. बऱ्याच वर्षांनी मी नळीतून बघत होते. कॉलेजात एनसीसीत असताना मी बरी नेमबाज होते. शिबिरातली पहिली ढाल माझीच होती. मग लग्न झालं, घोटीला आले, आमची भाताची गिरणी, दोन मुलं, सासू-सासऱ्यांची आजारपणं. नेमबाजी कुणी सोडायला लावली नाही, तिचा दिवसच कुठे उगवला नाही.

"नाना," मी म्हटलं, "ही माझ्या नावावर होऊ शकते का?"

भाऊ हसला. मला वाटतं त्याला ती थट्टा वाटली. नानांनी मात्र डावा हात माझ्या हातातल्या रायफलीच्या लाकडी दस्त्यावर ठेवला आणि म्हणाले, "हुईल की. बापाचा परवाना लेकीला मिळतो. अर्ज आपण उद्याच करू."

परवाना व्हायला पुढचा उन्हाळा सरला. पोलिसांची चौकशी झाली, प्रशिक्षणाचा दाखला झाला. तोवर मी क्लबमध्ये जाऊन त्यांच्या एअर रायफलवर हात बसवत होते. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, सुरुवातीला गोंधळले होते. रविवारी गिरणीत गर्दी नसते हे त्यांनाही ठाऊक होतं, म्हणून सबब सुचेना. शेवटी म्हणाले, "जा बाई. फक्त दुपारच्या आत ये, मला कुकरच्या शिट्ट्या कळत नाहीत."

नानाही मधूनमधून घोटीला राहायला यायला लागले. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, आणि चालायला भाताच्या बांधासारखी जागा नाही, असं त्यांचं मत. ते मूळचे याच तालुक्यातले. लहानपणी त्यांच्या वडिलांबरोबर सशाच्या मागे हिंडलेले. पुढे कायदा आला, शिकार बंद झाली, आणि तोवर त्यांचंही मन त्यातून उठलं होतं. "मारायचं काय राह्यलं न्हाय," ते म्हणायचे, "पण बघायची सवय ऱ्हाते." त्या बघण्यातूनच ते मला शिकवत. बांधावर उभं राहून विचारायचे, त्या आंब्यापर्यंत अंतर किती? मी सांगायचे, मग आम्ही पावलं टाकत जायचो. भाताच्या रोपांकडे बोट करून विचारायचे, वारा कुठून? मी गालाला जाणवेल ते सांगितलं की म्हणायचे, "तुझ्या गालावरचा नको. गोळी जिथून जाणार तिथला सांग. जवळचं पीक एकीकडं कलतं, लांबचं दुसरीकडं. मधी काय चाललंय ते गवत सांगतं." एकदा आमच्या पायातून तितरांची जोडी भर्रकन उडाली आणि नानांची काठी आपोआप खांद्याला लागली. आम्ही दोघंही हसलो.

परवाना माझ्या नावावर झाला आणि रायफल घोटीला आली. गिरणीच्या वरच्या खोलीत तिच्यासाठी लोखंडी कपाट केलं. मी घरी सराव करायचे तो नुसता पालथं पडून, नळीच्या टोकावरची नेमाची माशी आणि लक्ष्य एका रेषेत धरून, श्वास अर्धा सोडून. चाप ओढायचा तर आत वापरलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी ठेवायची, नाहीतर पिन बिघडते, हे नानांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

आणि मग रेंजवर गेले तर रायफल माझं ऐकेना.

पाऊस लागला होता. पन्नास मीटरवर पहिल्या गोळ्या कागदावर अशा पसरल्या की माझ्या पंजाखालीही मावेनात. बहुतेक डावीकडे. माझीच चूक असणार असं समजून मी दंडाला अडकवलेला रायफलीचा पट्टा घट्ट केला, कोपर बदललं. त्यानंतर आणखीनच पसरल्या. क्लबच्या सेक्रेटरींनी, एका हसतमुख निवृत्त इंजिनिअरांनी, स्वतः पालथं पडून नेम धरून पाहिलं. त्यांचीही तीच गत. ते उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "मॅडम, वडिलांची आठवण म्हणून भिंतीवर लावा आता हिला. स्पर्धेला हवी तर क्लबची घ्या."

शहरातल्या बंदूक दुरुस्त करणाऱ्याला दाखवली. त्याने नळीतून पाहिलं, मान हलवली. "आटे झिजलेत ताई. इतकी वर्षं वापरलीय. नळी बदलायची तर नवी घेतलेली बरी."

मी घरी आले. नानांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "झिजली असंल तर झिजली. माणूस झिजतो, लोखंड का नाय झिजणार." त्या रात्री मला जेवण गेलं नाही. पण मनात एक गोष्ट सलत होती. मी स्वतः ते आटे पाहिले होते. ते झिजलेले नव्हते. त्या माणसाने एका नजरेत सांगितलं होतं, मी तर एक अख्खी दुपार त्या नळीत घालवली होती.

उत्तर सापडलं ते श्रावणात, गिरणीच्या दारात.

आमच्या गिरणीचं मागचं दार सागवानी आहे. घोटीचा पाऊस सुरू झाला की ते चौकटीत अडकतं. त्या सकाळी हे दाराला खांदा लावून ढकलत होते आणि वैतागून म्हणाले, "दर वर्षीचं आहे. लाकूड फुगलं की संपलं. रंधा मारल्याशिवाय हलायचं नाही."

माझ्या हातात भाताची मूठ होती. भातात ओल किती हे मी दाताखाली दाणा धरून सांगते, तो माझा रोजचा धंदा आहे. ती मूठ मी पोत्यात टाकली आणि जिना चढले.

रायफलीचा दस्ता लाकडाचा असतो आणि नळी त्या लाकडाच्या खाचेवर तरंगती राहायला हवी. मागे स्क्रूने आवळलेली, पुढे मोकळी. गोळी सुटताना नळी थरथरते. तिला लाकूड टेकलं तर ती थरथर दर वेळी वेगळी होते. हे मला माहीत होतं. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं मागच्या महिन्याचं पान फाडलं, त्याची पट्टी नळीखालून गुंडाळली आणि नळी व लाकूड यांच्या मधून मागे सरकवत नेली. वीतभर गेली आणि अडकली. पुन्हा केलं. तिथेच अडकली, उजव्या बाजूला.

नानांना फोन लावला. माझा आवाज जरा वर गेला असावा, कारण त्यांनी आधी "काय झालं, बरी हायस ना?" असं विचारलं.

मी सांगितलं. ते म्हणाले, "कागद कुठल्या बाजूला अडतोय?"

"उजवीकडे."

"आणि गोळ्या?"

"डावीकडे."

पलीकडे काठी टेकल्याचा आवाज आला. "मग लाकूड ढकलतंय तिला," नाना म्हणाले. "मागचा पावसाळाभर स्पंजात भिजलं ना ते, घोटीच्या पावसात पुन्हा फुगलं. नळी चांगली हाय, पोरी. नळी चांगली हाय. भावाला सांग मला घोटीला सोडायला."

भाऊ त्यांना घेऊन आला. तो तसा कामाला बसायचं म्हणून आला नव्हता, पण बसला. दोन्ही स्क्रू काढून मी दस्ता वेगळा केला. झाडूच्या जुन्या दांडीला बारीक सँडपेपर गुंडाळला आणि खाचेतून पुढे-मागे फिरवायला लागले. दर थोड्या वेळाने नळी बसवायची, कागद सरकवायचा, अडकला की पुन्हा काढायची. भाऊ नळी धरून बसायचा, मी घासायचे, नाना खुर्चीतून नजर ठेवून. "थोडं." पुन्हा घासलं. "आणखी थोडं. सांभाळून, लाकूड परत लावता येत नाय." पुन्हा घासलं. एका वेळी कागद तोंडापासून थेट मागच्या स्क्रूपर्यंत सुळकन गेला. भावाने माझ्या हातातून पट्टी घेतली आणि स्वतः दोन वेळा ओढून पाहिली. त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की लहानपणी आम्ही दोघं पतंग कापायचो ते दिवस मला दिसले.

उघड्या पडलेल्या लाकडाला मी जवसाचं तेल पाजलं. एक हात, सावलीत वाळवणं, मग दुसरा हात. लाकडाचं पोट भरेपर्यंत पाजत राहिले, म्हणजे पुन्हा पाणी प्यायला जागा राहू नये. बॉक्समधला स्पंज काढून टाकला. पुढच्या रविवारी रेंजवर पाऊस होताच. मी पालथी पडले, पट्टा लावला, आणि एकामागून एक गोळ्या झाडल्या. दुर्बिणीतून बघायचा धीर होईना, म्हणून कागद मागवला. सगळी भोकं एकमेकांत मिसळून गेली होती. शर्टाचं बटण ठेवलं असतं तर सगळी झाकली गेली असती.

सेक्रेटरींनी तो कागद उजेडाकडे धरला. बराच वेळ धरला. मग म्हणाले, "हिवाळ्याआधी आपली खुली स्पर्धा आहे. नाव लिहू?"

"ह्याच रायफलीनं," मी म्हटलं.

"ह्याच रायफलीनं," ते म्हणाले.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी आभाळ भरून आलं होतं. पाऊस संपला असं सगळे धरून चालले होते, पण त्याला ते कुणी कळवलं नव्हतं. भुरभुर सुरू झाली आणि वारा. रेंजवर बाहेरून आलेले नेमबाज होते, परदेशी रायफली, कडक जाकिटं, चाकांच्या पेट्या. मी नानांचं जुनं कॅनव्हासचं जाकीट घातलं होतं. कोपरांना गोधडीचा तुकडा शिवून घेतला होता. नाना मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर, डोक्यावर भावाने धरलेली छत्री. आमचे हेही आले होते. गिरणीला पहिल्यांदाच दिवसभर कुलूप लावून.

पालथी पडले आणि आधी लक्ष्याकडे पाहिलंच नाही. गवताकडे पाहिलं. माझ्याजवळचं गवत शांत होतं. मधलं उजवीकडून झुकत होतं, थोडं उभं राहत होतं, पुन्हा झुकत होतं. पलीकडच्या मातीच्या बांधावरचं मात्र उलट्या बाजूला. मी ठरवलं की मधलं गवत उभं राहील तेव्हाच चाप ओढायचा. शेजारच्या रांगांत धडाधड गोळ्या सुटत होत्या. मी थांबत होते. गवत उभं राहिलं, सोडली. पुन्हा थांबले. चष्म्यावर थेंब आला, पुसला. वेळ निघून जातोय असं एकदा वाटलं, पण घाई केली नाही. भुरभुरीत लोकांचे कागद पसरत गेले आणि माझी रायफल जिथे सांगितलं तिथे मारत राहिली.

गुण लागले तेव्हा वर दोनच नावं उरली होती, बरोबरीची. दुसरे शहरातले एक हाडांचे डॉक्टर, क्लबचे जुने विजेते, सभ्य माणूस. आम्हा दोघांना पुन्हा बोलावलं. एक एक गोळी, हुकमावर, जो मागे पडेल तो बाद.

पहिल्या गोळीला दोघांचेही दहा. दुसऱ्या गोळीलाही दोघांचे दहा. तिसऱ्याच्या हुकमाच्या वेळी वारा चांगलाच उठला. डॉक्टरांची गोळी सुटल्याचं मी ऐकलं. माझं बोट चापावर होतं आणि मधलं गवत जमिनीला टेकलेलं. दिलेली वेळ थोडीच होती. मी श्वास पुन्हा घेतला, अर्धा सोडला, आणि गवताचं टोक वर यायला लागलं तशी गोळी सोडली.

उठून बसले तोवर निशाणीवाल्याने माझ्या रांगेत हात वर केला होता. दहा. डॉक्टरांचे नऊ.

ते आधी माझ्याकडे आले. हात मिळवला आणि म्हणाले, "तुम्ही थांबलात. मला थांबता आलं नाही." मग रायफलीकडे वळले. "हात लावू?" मी बोल्ट उघडून दिली. त्यांनी नळी आणि लाकूड यांच्यामधली फट पाहिली आणि समजल्यासारखी मान हलवली.

मी मागे वळले. नाना खुर्चीतून उठून उभे राहिले होते, काठीशिवाय. भावाने त्यांना धरलेलं नव्हतं, कारण तो छत्री विसरून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होता. नाना भिजत होते. मी जवळ गेले तर ते एवढंच म्हणाले, "वारा वाचलास." पलटणीत ते ज्यांना बक्षिसं द्यायचे त्यांच्याशीही याच आवाजात बोलत असतील, असं मला वाटलं. मी त्यांच्या पाया पडले. त्यांचा उजवा हात माझ्या डोक्यावर आला, हळू, पण आला.

बक्षीस देताना सेक्रेटरींनी माइक हातात घेऊन विचारलं, "मॅडम, रायफलीचं वय सांगू की नको?" लोक हसले. "सांगा," मी म्हटलं, "माझं सांगू नका."

येताना हायवेवर थांबून सगळ्यांनी मिसळ खाल्ली. भावाने ढाल मांडीवर घेतली होती आणि वाढणाऱ्याने विचारायच्या आधीच तो सांगत होता, ही आमच्या ताईची. आमचे हे गाडीत बसल्यावर म्हणाले, "पुढच्या स्पर्धेचं आधी सांग. मी गिरणीवर पाटी लावीन, नेमबाजीनिमित्त बंद."

दुसऱ्या दिवशी गिरणी उघडली तर बातमी आमच्या आधी पोचलेली. नवा भात आला होता, डोंगराकडच्या वाड्यांवरून बाया पोती घेऊन आल्या होत्या. त्यातल्या एकीने ढाल मागून घेतली, पदराने पुसली आणि सगळ्यांकडे फिरवली. मग प्रश्न सुरू झाले. आवाज लय मोठा येतो का. खांदा दुखतो का. डोळा कोणता मिटायचा. मी सांगत होते आणि त्या मन लावून ऐकत होत्या.

सगळ्यात म्हाताऱ्या आजीबाई पोत्याला टेकून बसल्या होत्या. नऊवारी वर खोचलेली, पहाटेच कापणी करून आलेल्या. त्यांनी विचारलं, "अन् उभं ऱ्हाऊन मारायची का गं?"

"नाही आजी. ही पोटावर झोपून मारायची."

त्यांनी जरा विचार केला. पोती सरकवून जागा केली, आणि तिथेच, भर गिरणीत, पालथ्या पडून दोन्ही कोपरं टेकवली, एक डोळा मिटला आणि समोरच्या पंख्याच्या पट्ट्यावर नेम धरला. बाया हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. आजी हलल्या नाहीत. त्यांनी बोट वाकवलं, सावकाश सरळ केलं, आणि मान वळवून मला म्हणाल्या, "मंग मला जमंल."